जानुबाईच्या डोंगरावरचा चहा

१

आमच्या शिवतेजचं एक वागणं मला मुळीच पटलं नाही. डोंगरावरून आला त्या दिवशी त्यानं स्वतःचे कपडे स्वतः धुतले.

ज्या पोरानं जन्मात जेवलेलं ताट उचललं नाही, ज्याचा एक मोजा माजघरात आणि दुसरा गोठ्यात सापडतो, तो मागच्या दारी दगडावर उकिडवा बसून शर्टाला साबण चोळत होता. मी म्हटलं, "काय रं, मशीन बिघडलं का तुझी आई बिघडली?"

"चिखल लागलाय, आज्जी."

मी चौथीतून शाळा सोडली, पण मार्च महिन्यात वाईच्या डोंगराला चिखल नसतो एवढं मला कळतं. तरी गप्प बसले, कारण घरात तेव्हा कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

झालं होतं असं. शिवतेज आणि त्याचे तीन मित्र रविवारी जानुबाईच्या डोंगरावर फिरायला गेले होते. साताऱ्याला कॉलेजात एका बाकावर बसलेली ही चौघं. आमचा शिवतेज, महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याचा यशराज, वाईची सृष्टी आणि आमच्याच गावातला आण्णाचा कपिल. डोंगराच्या माथ्याजवळ गुहा आहे, गुहेत जानुबाई. ती आमची कुळदेवी. गुहेच्या तोंडावर आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि त्याला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी वाळल्या गवताला आग लागली, मोहोळ उठलं आणि पळापळीत कपिल घळीत पडला. खालच्या वाडीतल्या माणसांनी त्याला झोळी करून उतरवला. डोक्याला मार, माश्या चावून अंग सुजलेलं, गळा सुजलेला. साताऱ्याच्या दवाखान्यात तो दोन दिवस बेशुद्ध होता.

आग कुणी लावली? तिघांनीही वनखात्याच्या माणसाला एकच सांगितलं. कपिलनं चहासाठी चूल पेटवली.

आता यातली मेख ऐका. कपिलची वनरक्षक म्हणून निवड झालेली. कागद यायचे बाकी. जंगल राखायला निघालेल्या पोरानंच जंगल पेटवलं, अशी केस झाली की संपलं. आण्णा आमच्या उसाला पाणी पाजून, बायको भामाबाई अंगणवाडीत राबून, दोघांनी त्या पोराला इथवर आणलं होतं.

संध्याकाळी शिवतेजचा शर्ट वाळला. घडी घालायला म्हणून मी तो उचलला आणि सवयीनं नाकाला लावला. साबणाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. उग्र, कडवट. तेलाचा.

चहाला तेल कशाला लागतं?

२

मंगळवारी सकाळी मी गाडी काढायला लावली. सूनबाई संयोगिता म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या गुडघ्याला सोसायचं न्हाई. शिवतेज भल्या सकाळीच जाऊन आलाय की."

"तो त्याच्या गुडघ्यानं गेला. मी माझ्या गुडघ्यानं जाते."

दवाखान्यात भामाबाई बाकावर बसली होती. मला बघून उठायला लागली, तर मी तिचा हात धरून खाली बसवली. तिनं डोळे पुसले नाहीत. रडून झालेलं होतं तिचं.

"पहाटं शुद्धीवर आलाय, आक्का. तवापासनं बोलतोय. पर रविवारचं त्याला काय आठवत न्हाई. डोंगर चढाय लागलो म्हणतो, म्होरं कोरं."

"चावलंय किती?"

"पाठ निस्ती चाळण झालीया. नर्सबाई चिमट्यानं नांग्या काढत हुती, मी बशी धरली हुती. मान, पाठ, दंडाची मागली बाजू. पर तोंडावर एक न्हाई बगा, छातीवर एक न्हाई. देवाची कृपा म्हणायची, तर आमी देव मानत न्हाई." एवढ्यातही ती हसली.

मी मनात धरून ठेवलं. मोहोळ उठल्यावर पळणाऱ्या माणसाचं तोंड आधी फुटतं. माश्या डोळ्यांवर येतात. ज्याची फक्त पाठ फुटते तो पळत नव्हता. तो वाकून कशावर तरी, नाहीतर कुणावर तरी, पडलेला होता.

"भामाबाई, चहाचं सामान कुणी नेलं होतं?"

"सामान कशाचं? ह्यो दुधाचा चहा पितच न्हाई. पोटात कळा येत्यात. मी त्याला थर्मासात कोरा चहा भरून दिला हुता, चौघांना पुरंल एवढा. आण्णा बॅग घिऊन आला वाडीतनं, त्यात थर्मास तसाच हाय. टोपण आवळलेलं. वतून बगितला तर घोटभरबी कमी न्हाई."

ज्याच्या पाठीवर चौघांचा चहा आहे, तो चहासाठी चूल मांडतो?

मी आत गेले. डोक्याच्या पट्ट्यांत आणि सुजेत कपिल ओळखू येत नव्हता, पण डोळे तेच होते, लहानपणी आमच्या अंगणात चिंचा वेचणारे. मी खुर्ची ओढून बसले. त्यानं माझा हात धरला. आवाज घोगरा झाला होता.

"आक्का, माझ्यामुळं झालं. शिवतेजनं सांगितलं मला. मीच पेटवली चूल. सृष्टी मेली असती, आक्का, सगळी मेली असती माझ्यामुळं. मी सायबाला तसं लिहून देतो म्हणलंय. उद्या येणारेत."

३

मी खोलीतून बाहेर आले.

ज्याला काही आठवत नाही, त्याला माझाच नातू येऊन सांगून गेला होता. आणि तो मान्य करून बसला होता.

यशराज आणि सृष्टी बाहेर झाडाखाली होते. यशराज आधी मला दिसला, म्हणजे त्याची सिगारेट दिसली. आई लहानपणीच गेलेली, बाप हॉटेलात गुंतलेला, त्यामुळे पोराला टोकणारं कुणी नाही. खरं सांगते, माझा पहिला संशय त्या सिगारेटवर गेला. मी त्याला एकट्याला बाजूला बोलावलं. सिगारेट त्यानं पायाखाली चिरडली.

"बाळ, डोंगरावर पण ओढतोस का?"

"नाही आजी. वर जाताना सृष्टीनं पाकीट काढून घेतलं माझं. गाडीतच राहिलं ते. तिला विचारा."

"बरं. चहाचं काय झालं ते सांग. मी म्हातारी, मला नीट कळलं न्हाई."

"कपिलनं तीन दगड मांडले. दुधाची पिशवी मी दिली. दूध उतू गेलं, जाळ भडकला, आणि गवतानं पेट घेतला."

"दूध उतू गेलं आणि जाळ भडकला."

"हो आजी."

"तुमच्या हॉटेलात स्वैपाकी हाय म्हणून बरं. दूध उतू गेलं की चूल विझती, पोरा. घरभर वास सुटतो आणि सून शिव्या खाती. भडकत न्हाई."

तो लाल झाला.

मग सृष्टी. ही पोरगी डोळ्याला डोळा देऊन बोलणारी, म्हणून मला आवडायची. त्या दिवशी ती माझ्या चपलांशी बोलत होती.

"यशराजचं पाकीट तू काढून घेतलंस?"

"हो. गाडीतच ठेवलं होतं."

"आणि चहा दुधाचा होता का कोरा?"

"कोरा," ती लगेच म्हणाली. "कपिल दुधाचा घेत नाही."

"यशराज म्हणतो, दूध होतं."

मी तिचा पाय बघितला. घोट्यावर दोन फोड, वाळत आलेले. बाकी हात, तोंड, मान, सगळं स्वच्छ. मोहोळाच्या तोंडाशी उभी असलेली पोरगी आणि अंगावर दोनच डंख.

"बाई गं, मोहोळ उठलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"लांब होते. कपिल चुलीपाशी, आम्ही तिघं लांब."

"खोटं. तू कपिलच्या अंगाखाली होतीस. पाय तेवढे बाहेर राहिले तुझे."

तिच्या तोंडाचा रंग गेला. बाक नव्हतं, ती तशीच खाली मातीत बसली. मी गुडघ्यामुळे बसू शकत नव्हते, म्हणून झाडाला टेकून उभी राहिले आणि वाट बघितली.

"मी पडले, आणि तो माझ्या अंगावर पालथा पडला," ती म्हणाली. "शर्ट माझ्या तोंडावर ओढला. हलू नको, हलू नको, एवढंच म्हणत होता. मग धूर आला तेव्हा मला उठवून पुढं ढकललं, आणि स्वतः..." तिनं हातानं घळीसारखं काहीतरी दाखवलं.

"आणि त्याच पोराच्या नावावर तू आग लिहून दिलीस."

"मला शपथ घातलीय, आजी. आईची शपथ घातलीय त्यानं. स्वतःच्या आईची. मी सांगितलं आणि त्यांना काही झालं तर?"

तिनं नाव सांगायची गरज नव्हती. कपिल बेशुद्ध होता, तो कशाची शपथ घालणार? यशराजला आई नव्हती.

स्वतःच्या आईची शपथ घालण्यासारखा एकच पोरगा उरला होता, आणि त्याची आई मला सकाळी गुडघे जपायला सांगत होती.

४

परतीच्या वाटेवर मी खिडकीतून ऊस बघत बसले. सगळी तोड चाललेली. माझ्या मनात एकच चाललं होतं. शिवतेजनं आग लावली, हे एक वेळ कळलं, पण कशानं? तो सिगारेट ओढत नाही, चूल मांडायची अक्कल नाही. आणि ते तेल?

घरी येऊन मी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत नाथाजी गुरवाला फोन लावला. जानुबाईची पूजा त्याच्या घराण्याकडं.

"नाथाजी, गुहेत गेलता का आगीनंतर?"

"आज सकाळी गेलतो, आक्कासाब. माश्या बसल्यात पुना. देवी सुखरूप हाय."

"वनखात्याची माणसं आत आलीवती?"

"न्हाई. त्यांनी भायरचं जळल्यालं गवात बघितलं. देवीच्या जाग्यात बूट घालून कशाला जायचं, म्हणली."

"आत, तोंडाशी, कुठं चुलीचे दगड दिसले का? राख?"

"राख न्हाई, दगड न्हाई. पर एक इचित्र हाय बगा. छत काळंकुट्ट झालंय. देवीच्या डोक्यावर, मधोमध. आन खाली दगडावर तेलाचं ठिबकं. मी म्हणलं, नवरात्र तर कवाच झालं. तुमच्या घरचं कोण येऊन गेलं का काय?"

मी फोन ठेवला आणि देवघरात गेले.

आमच्या घराण्यात देवीचा पोत आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पितळेची मूठ, तिला कापडाचा घट्ट पीळ, तो करंजाच्या तेलात भिजवून पेटवायचा आणि घरच्या पुरुषानं देवीपुढं नाचवायचा. नवरात्रात एकदा घरी, आणि घरचं पोरगं मोठ्या कामाला निघालं की जानुबाईच्या गुहेबाहेर, लांब पटांगणात. गुहेच्या आत कधीच नाही. आमचे सासरे ते करायचे, मग माझे मालक सुभेदार लालासाहेब, मग जयराज, शिवतेजचा बाप, तो आता जम्मूला पलटणीत. शिवतेजची फौजेत अधिकारी व्हायची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. निवड झाली की मी स्वतः त्याला घेऊन जाणार होते.

पोत खुंटीला तांबड्या फडक्यात गुंडाळलेला असतो. मी सोडला.

मूठ सोन्यासारखी चमकत होती.

पुरुष पोत नाचवतात. पण विझल्यावर तो कसा ठेवायचा, हे घरच्या बायकांना ठाऊक. मुठीवरची काजळी आम्ही कधी घासत नाही. वर्षभर तीच काजळी लेकरांच्या कपाळाला लावायची, आजारपणात, परीक्षेला, प्रवासाला. शिवतेजच्या कपाळाला मी शंभरदा लावली असेन. ती कुठून येते, हे त्यानं आयुष्यात कधी विचारलं नाही. म्हणून त्यानं पोत आणला आणि शहाण्यासारखा घासून, नवं कापड गुंडाळून जागेवर ठेवला. कुणाला कळू नये म्हणून त्यानं तो जास्तीच स्वच्छ केला.

मागं पावलं वाजली. संयोगिता दारात उभी होती. पोताकडं बघून ती दचकली नाही. तेव्हाच मला कळलं की तिनं तो माझ्या आधी बघितला होता.

"कवा कळलं तुला?"

"काल." ती हलक्या आवाजात म्हणाली. "आत्याबाई, पाया पडते. पोराचं आयुष्य हाय. केस झाली तर त्याला कोण घेणार फौजेत? तीन वर्सं अभ्यास केलाय त्यानं."

"आणि कपिलनं काय केलंय? चिंचा वेचल्यात?"

"कपिल दुसरीकडं लागंल. हुशार हाय तो. त्याला आपण मदत करू, लागंल ती. आण्णाला सांगते मी, समजंल तो. आपलं कधी मोडलंय का त्यानं?"

सूनबाईला मी आजवर पुष्कळ बोलले आहे, कधी मीठ जास्त म्हणून, कधी उंबऱ्यावर बसली म्हणून. ती वाईट बाई नाही. पण आण्णानं आपलं कधी मोडलं नाही, म्हणून आताही मोडणार नाही, हा हिशोब तिनं इतक्या सरळ मांडला की मला माझ्याच घराची लाज वाटली.

"उद्या शिवतेजला माझ्याबरोबर साताऱ्याला पाठव," मी म्हटलं. "आणि त्याला काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर तो रात्रभर नवं खोटं रचंल. बापासारखा मन लावून काम करतो तो."

५

बुधवारी सकाळी कपिलच्या खोलीत आम्ही सगळे होतो. आण्णा उभा, भामाबाई खाटेशेजारी, यशराज आणि सृष्टी भिंतीला. शिवतेज दारातच थांबला. वनखात्याचे साहेब दुपारी येणार होते.

मी कपिलला म्हटलं, "बाळ, तू काल मला म्हणालास, चूल तू पेटवलीस. ती चूल कुठं होती, सांग बघू."

"गुहेच्या तोंडाशी. शिवतेज म्हणला."

"गुरव म्हणतो, तिथं राख न्हाई आणि दगड न्हाई. दुसरं, तुझ्या आईनं दिलेला चहा थर्मासात तसाच हाय. तिसरं, यशराजच्या गोष्टीत दूध हाय, सृष्टीच्या गोष्टीत न्हाई. जी चूल एकालाही नीट आठवत न्हाई, ती पेटलीच न्हाई."

शिवतेज म्हणाला, "आज्जी, आजारी माणसाला त्रास होतोय. बाहेर बोलू."

"त्रास तू देऊन झालास. आता ऐक. गुहेचं छत काळं आणि खाली तेलाचे थेंब. तुझ्या शर्टाला करंजाच्या तेलाचा वास होता. पोताची मूठ घासलेली. आपल्या घरात ती कुणी घासत न्हाई. घासली तर पुरुषानंच घासली असणार, आणि तुझा बाप जम्मूला हाय. तू देवीपुढं पोत पेटवलास. बाहेर पटांगणात न्हाई, आत. का ते मला अजून कळलं न्हाई, ते तू सांग."

मग यशराजच बोलला, भिंतीकडं बघत. "व्हिडिओसाठी, आजी. अंधारात जाळ चांगला दिसतो म्हणून आत. मी काढत होतो. नंतर पुसून टाकला."

"आणि कपिल कुठं होता?"

"बाहेर, पटांगणात," सृष्टी म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. "तो आत आलाच नाही. तुमची देवी, तुमचं काम, मी पिशव्या राखतो, म्हणाला. धूर वर गेला, माश्या उठल्या, आणि शिवतेजनं पेटता पोत बाहेर गवतात फेकला, तो आग विझल्यावर राखेतून उचलून आणला. आम्ही सगळे बाहेर पळालो, मी गुहेच्या तोंडाशीच पडले. माश्या अंगावर यायच्या आत शिवतेज आणि यशराज पुढं गेले. कपिल उलटा आत आला. माझ्यासाठी." मग शिवतेजकडं वळून म्हणाली, "तुझ्या आईला काही होणार नाही, शिवतेज. मी शपथ मोडली ती माझ्या डोक्यावर."

शिवतेज खाटेच्या पायथ्याशी आला. पायथ्याची दांडी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

"कपिल, तू काही नाही केलंस," तो म्हणाला. "मीच केलं. मी तुला खोटं सांगितलं."

कपिलनं त्याच्याकडं बघितलं. आम्हाला वाटलं, आता हा शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या.

"म्हंजी सृष्टीला मी धोक्यात घातलं न्हाई?" त्यानं विचारलं.

"न्हाई रं. तू वाचवलंस," मी म्हटलं.

मग कपिल रडला. सुजलेल्या गळ्यातून आवाज फुटेना, तरी रडला. भामाबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि शिवतेजकडं बघितलं. मी खूप जणांचे शब्द झेलले आहेत, तसं बघणं पहिल्यांदा झेललं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं तरी मला लागलं.

आण्णा मला म्हणाला, "आक्का, आता काय करायचं?"

"तुम्ही काही करायचं न्हाई, आण्णा. आजवर तुम्हीच करत आलाय."

साहेबांची वाट न बघता आम्हीच निघालो. वनखात्याच्या कचेरीपर्यंत गाडीत शिवतेज माझ्या शेजारी बसला होता. सृष्टी आणि यशराज मागच्या गाडीत, खरं लिहून द्यायला येत होते. कचेरीच्या फाटकाशी गाडी थांबली. शिवतेज उतरेना.

"आज्जी, मुलाखत गेली आता."

"जाईल. कदाचित गेलीच."

"तुम्ही बोलाल का साहेबांशी? आजोबांचं नाव सांगाल?"

मी त्याच्याकडं वळले. हा माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला पोरगा, ह्याला मी कधी फुलाची काडी मारली नव्हती. तेव्हा त्याला सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहिते.

"सुभेदारांचं नाव तुझ्या तोंडी आज नको. आग तुझ्या हातनं चुकून लागली. त्यासाठी मी तुला रागावले असते, जेवायला वाढलं असतं आणि तुझ्या बाजूनं साऱ्या जगाशी भांडले असते. भ्यालास, पळालास, तेही मी समजून घेतलं असतं, एवढ्या माश्यांपुढं कोण उभं राहणार. पण तुझा मित्र शुद्धीवर आला, त्याला काही आठवत न्हाई हे तू बघितलंस, आणि त्या रिकाम्या जागेत शांतपणे आपलं पाप ठेवून आलास. ते घाबरून न्हाई केलंस, शिवतेज. खुर्ची ओढून, बसून केलंस. तरी मी तुला वाईट म्हणत न्हाई, वाईट म्हणायला मला अजून जड जातंय. तू भित्रा हायस. वाईटाला मी घराबाहेर काढलं असतं. भित्र्याला सोबत करीन, पण ह्या फाटकापर्यंतच. आत तुझं तू जायचं. लिहून झाल्याबिगर माझ्या गाडीत बसायचं न्हाई."